फुकटचं पाणी

नुसती असलेली वस्तू आपण पाहत नाही. तीच हलायला लागली की पाहतो. हा नियम मांजराला लागू आहे, तान्ह्या मुलाला लागू आहे आणि गणपतीत देखावे बघायला सहकुटुंब निघालेल्या मध्यमवर्गीय माणसाला तर तंतोतंत लागू आहे. शाडूची सुरेख मूर्ती आणि मागं साधा पडदा, असा मांडव दिसला की आपण हात जोडतो आणि पुढं सरकतो. पण पुढच्या चौकात 'हलता देखावा' अशी पाटी असली की अर्धा तास रांगेत उभे राहतो. आत काय, तर कालियामर्दन. कृष्ण उजवा पाय उचलतो, खाली ठेवतो. कालिया मान वर करतो, खाली घालतो. यमुना म्हणून अंथरलेलं निळं प्लॅस्टिक पंख्याच्या वाऱ्यावर थरथरतं. मग पुन्हा पहिल्यापासून.

कालिया किती वेळा शरण जातो याचा हिशेब मंडळवाले ठेवत नाहीत. पण बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाच्या डोक्यात असल्या बेरजा आपोआप सुरू होतात. मिनिटाला दोनदा धरलं, तर रात्रीच्या चार तासांत ४८० वेळा. दहा दिवसांत ४,८०० वेळा. एवढ्या वेळा शरण आलेल्या कर्जदाराचं खातं कुठल्याही बँकेनं केव्हाच निर्लेखित करून टाकलं असतं.

आता समीक्षा करायची तर अशा हलत्या देखाव्याचीच करायला हवी होती. पण तो वर्षातून दहाच दिवस असतो आणि त्याला निदान वर्गणी तरी लागते. आज मी हातात घेतो आहे तो त्याचाच एक लहान, बारमाही आणि फुकट मिळणारा नातेवाईक: स्थिर फोटोला हलवून सोडणारा 'इफेक्ट'. फोटोत पाऊस पाडा, फोटोवर बर्फ टाका, फोटोतल्या समईची ज्योत हलवा, फोटोखाली पाणी सोडा. सगळं विनामूल्य. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर सकाळी सहा वाजता जो गुलाब येतो, त्याच्यावरचा दवबिंदू ओघळतो, वर जातो आणि पुन्हा ओघळतो. मे महिन्यात भिगवणच्या रस्त्यावर डांबर वितळत असताना माझ्या साडूंनी पाठवलेल्या गणपतीवर शांतपणे बर्फ पडत असतो. या कलाप्रकाराची दखल साहित्याचे प्राध्यापक घेत नाहीत. तेव्हा वाणिज्य शाखेनं घेतलेली बरी.

आधी थोडा इतिहास. हलत्या चित्रांची एक जात आहे, तिचं नाव तीन इंग्रजी अक्षरांचं: जी, आय, एफ. १९८७ साली कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन कंपनीत स्टीव्ह विल्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती काढली. एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग, म्हणजे प्रकरण आटोपशीर. १९८९ साली सुधारित आवृत्ती आली आणि तिच्यात एका चित्रानंतर दुसरं किती वेळानं दाखवायचं हे लिहून ठेवायची सोय झाली. पुढं १९९५-९६ च्या सुमारास नेटस्केप नावाच्या ब्राउझरनं या चित्रांना फेर धरायला शिकवलं. पहिलं, दुसरं, तिसरं, पुन्हा पहिलं. फेर किती वेळा धरायचा तो आकडा घालायचा. तिथं शून्य घातलं तर अनंत वेळा! शून्य म्हणजे अनंत, हे आम्हाला बी. कॉम.ला शिकवलेलं नव्हतं. आमच्याकडे शून्य म्हणजे शून्य. महिनाअखेरीला पगाराच्या खात्यात दिसतं ते.

या नावाचा उच्चार 'गिफ' की 'जिफ' यावर जगात बरीच वर्षं भांडण चाललं. स्वतः विल्हाइट यांनी २०१३ साली 'जिफ' असा निकाल दिला, तरी लोक ऐकले नाहीत. आमच्या डाळजला हा वाद नाही. तिथं त्याला 'हालतं चित्र' म्हणतात.

तो काळ ज्यांना आठवतो त्यांना जिओसिटीजही आठवेल. १९९४ साली ही व्यवस्था सुरू झाली आणि कुणालाही इंटरनेटवर फुकट जागा मिळू लागली. ज्याला जागा मिळाली त्यानं ती सजवली. आपल्याकडे नवीन बंगल्याच्या गेटवर सिंह, गच्चीवर विमानाच्या आकाराची पाण्याची टाकी आणि दारात लाकडी हरीण येतं, तशीच. गरगर फिरणारी पृथ्वी, धगधगणाऱ्या ज्वाळा, पेटीत स्वतःहून शिरणारं पाकीट आणि पिवळ्या पाटीवर फावडं मारणारा एक मजूर. 'काम चालू आहे' असा त्या मजुराचा अर्थ. अमेरिकेतलं जिओसिटीज २००९ च्या ऑक्टोबरात बंद झालं, तोपर्यंत तो गृहस्थ खणत होता. काम काही पुरं झालं नाही. आपल्याकडे असे रस्ते पुष्कळ आहेत, त्यामुळे मला त्याच्याबद्दल परकेपणा कधी वाटला नाही.

याच काळात, १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीनं जावा नावाची संगणकाची भाषा बाहेर काढली आणि तिच्यात लिहिलेले छोटे छोटे कार्यक्रम लोक फुकट वाटू लागले. त्यांतला एक डेव्हिड ग्रिफिथ्स या गृहस्थाचा. नाव 'लेक', म्हणजे तळं. तुम्ही एक फोटो द्यायचा. कार्यक्रम त्याची उलटी प्रत काढून मूळ फोटोच्या खाली चिकटवणार आणि त्या प्रतीच्या आडव्या ओळी थोड्या थोड्या सरकवत राहणार. बस्स, एवढंच. पण डोळ्यांना दिसायचं तळं. डोंगर द्या, डोंगर तळ्याकाठी. घर द्या, घर तळ्याकाठी. साहेबांचा फोटो द्या, साहेब तळ्यात.

समीक्षकानं गुण आधी सांगावेत असा संकेत आहे, म्हणून सांगतो. ही कल्पना खरोखर हुशारीची होती. तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून एक फोटो उतरायला चहा करून पिऊन होईपर्यंत वेळ लागायचा. अशा वेळी हलत्या पाण्याची दहा-वीस चित्रं पाठवणं परवडणारं नव्हतं. लेकनं फोटो एकच पाठवला आणि लाटा ज्याच्या त्याच्या संगणकावर तयार केल्या. बँकेच्या भाषेत सांगायचं तर मुद्दल थोडं आणि व्याज जागेवरच मोजून घ्यायचं. काटकसरीची कला म्हणून मी तिला पैकीच्या पैकी गुण देतो. पुढं २०१५ ते २०१७ च्या दरम्यान मोठ्या ब्राउझरांनी सुरक्षेच्या कारणावरून असले जावाचे कार्यक्रम चालवणं थांबवलं आणि जगभरची ही तळी एकदम आटली. डोंगर आणि तळं, दोन्हींच्या जागी करडा चौकोन. आता तेच पाणी मोबाइलच्या ॲपमधून नव्यानं आलं आहे आणि बोट लावलं की सुटतं.

आता 'फुकट' या शब्दाकडे वळतो, कारण तो माझ्या धंद्यातला आहे. फुकट वस्तूचं बिल येतच नाही असं नाही. उशिरा येतं आणि भलत्याच पत्त्यावर येतं. त्या जी-आय-एफचंच पाहा. चित्र लहान करण्याची जी युक्ती तिच्यात वापरली होती, तिचं पेटंट युनिसिस या कंपनीकडे निघालं. सात वर्षं लोक ती मोकळेपणानं वापरत होते. १९९४ च्या डिसेंबरात जाहीर झालं की ही चित्रं तयार करणारे कार्यक्रम विकणाऱ्यांनी परवान्याचे पैसे भरावेत. मोठी बोंबाबोंब झाली. अमेरिकेतलं ते पेटंट २००३ च्या जूनमध्ये संपलं तेव्हा कुठं ती युक्ती तिथं खरोखर फुकट झाली.

आजच्या ॲपचं बिल वेगळ्या रीतीनं येतं. आधी एक जाहिरात बघायची, मग दुसरी बघायची, मग आपला फोटो हलतो आणि त्याच्या उजव्या कोपऱ्यात ॲपचं नाव कायमचं उमटतं. त्याला म्हणतात वॉटरमार्क. या वस्तूशी माझी ओळख जुनी आहे. नोटेतला वॉटरमार्क बघायचा तर नोट उजेडाकडे धरावी लागते. ॲपवाल्यांचा वॉटरमार्क अंधारातसुद्धा दिसतो. तो काढून टाकायचा तर महिन्याची वर्गणी. म्हणजे पाणी फुकट आणि पाण्याचा शिक्का विकत.

इथवर सगळं जगाचं झालं. आता गावाकडे येतो, कारण हा इफेक्ट मला खऱ्या अर्थानं भेटला तो डाळजला, माझ्या आजोळी.

पुणे-सोलापूर रस्त्यानं भिगवण सोडून इंदापूरकडे निघालं की डाळज लागतं. एक नाही, तीन लागतात: डाळज नंबर एक, डाळज नंबर दोन, डाळज नंबर तीन. गावांना खिडक्यांसारखे नंबर असलेले पाहून मला तिथं नेहमी कचेरीत गेल्यासारखं वाटतं. चुकीच्या डाळजला उतरलेल्या पाहुण्याला लोक, आम्ही ग्राहकाला सांगतो त्याच सुरात, "पलीकडच्याला विचारा" म्हणतात. आणि उत्तरेच्या अंगाला सगळीकडे पाणी. हे उजनीचं पाणी. भीमेवरचं धरण सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात. १९८० साली पुरं झालं. पण धरणाची भिंत एका जिल्ह्यात असली तरी पाण्याला तेवढ्यावर थांबता येत नाही. ते मागं मागं पसरत इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जतपर्यंत आलं. याला आमच्याकडे फुगवटा म्हणतात. पुण्याचे लोक बॅकवॉटर म्हणतात आणि शनिवारी-रविवारी रोहित पक्षी बघायला आणि मासे खायला येतात. पक्षी दुर्बिणीतून बघतात, मासे जवळून.

मामांचा मळा याच पाण्याखाली आहे. माझे मामा आता पंचाहत्तरीच्या पुढचे. धरणाच्या आधी भीमेच्या काठाला त्यांची काळी जमीन होती, विहीर होती, वस्ती होती. त्यांचा नातू, म्हणजे माझ्या मामेभावाचा मुलगा, इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या पिढीनं तो मळा पाहिलेला नाही. माझ्याही नाही. पाणी आमच्या जन्माच्या वेळी आलं किंवा आधी आलं, त्यामुळे आम्हाला ते नेहमीचंच वाटतं.

या पोरानं दिवाळीत एक उद्योग केला. घरात एक जुना काळा-पांढरा फोटो आहे. महाशिवरात्रीला पळसदेवच्या पळसनाथाच्या देवळापुढं सगळे उभे. फेटा बांधलेले आजोबा, नऊवारीतली आजी, परकर-पोलक्यातली माझी आई आणि नवा सदरा घालून ताठ उभे राहिलेले तरणे मामा. मागं दगडी देऊळ आणि शिखर. हेही देऊळ फुगवट्यात गेलं. धरण भरलं की ते पाण्यात जातं. पाणी उतरू लागलं की शिखर दिसतं. फारच दुष्काळ पडला तर चालत जाता येतं. २०२४ च्या उन्हाळ्यात ते असंच पुरतं उघडं पडलं होतं. गाड्या भरभरून लोक बघायला आले. देव पाण्यात असताना कुणी येत नव्हतं.

तर पोरानं तो फोटो मोबाइलवर घेतला आणि त्याच्याखाली पाणी सोडलं. मागं बासरी लावली. कोपऱ्यात वॉटरमार्क आपोआप आला. "काका, बघा की, आण्णांचं देऊळ पाण्यात!" असं म्हणून त्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला.

कलाकृती म्हणून मी ती तीन वेळा पाहिली आणि मनातल्या मनात जमा-नावे मांडलं. जमेच्या बाजूला: चित्र स्वच्छ होतं, लाटा मऊ होत्या, पोराचा हेतू चांगला होता. नावेच्या बाजूला पहिली रक्कम अशी की इफेक्टला जमीन कुठं संपते ते कळत नाही, त्याला फक्त फोटो कुठं संपतो ते कळतं. त्यामुळे आमची माणसं कोरड्या अंगणात उभी आणि त्यांच्या पायांना पाय जुळवून तीच माणसं उलटी पाण्यात. आजी डोकं खाली, पाय वर. आजोबांचा फेटा सगळ्यांत खोल. ज्या माणसानं आयुष्यात कुणापुढं फेटा उतरवला नाही तो असा उलटा लोंबताना पाहणं मला जड गेलं. दुसरी रक्कम लाटांची. सगळ्या एका मापाच्या, एका अंतरानं येणाऱ्या, हप्त्यासारख्या. खऱ्या पाण्यावर वारा असतो, मासा उडी मारतो, मच्छीमाराची होडी जाते. तिसरी रक्कम बासरीची. तिच्याबद्दल न बोललेलं बरं.

पण या सगळ्या समीक्षेला जे सापडलं नव्हतं ते मामांना सापडलं. ते ओसरीवर बसले होते. त्यांनी मोबाइल हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला आणि बराच वेळ बघत राहिले. पोरगं उत्सुकतेनं वाकून उभं.

"ह्ये पानी निस्तं हालतंय," मामा म्हणाले.

"व्हय आण्णा, इफेक्टच हाय त्यो."

"हालतंय रं. पर चढंना."

आम्ही दोघंही गप्प. मग मामा माझ्याकडे वळून सांगू लागले. "बापू, लाटा-बिटा काय न्हवत्या बग. आवाज न्हाई, काय न्हाई. रोज सकाळी मी हिरीच्या अंगाला पान्याच्या कडंला एक दगूड ठिवायचो. खूण म्हनून. सांजच्याला दगूड पान्यात. मग दुसरा ठिवायचा वरच्या अंगाला. त्यो बी सकाळपतुर पान्यात. तुजी मामी म्हनायची, कशाला ठिवताय दगडं, त्येनं काय पानी थांबतंय व्हय? थांबत न्हवतंच. पर मोजाय नगं का?"

एवढं बोलून त्यांनी मोबाइल नातवाला परत दिला. "झ्याक केलंयस," असंही म्हणाले, कारण नातू आहे.

आता वाचकहो, माझी सगळी समीक्षा या एका 'चढंना'पुढं फिकी पडते की नाही? मुद्दा त्यांनी नेमका पकडला होता. त्या इफेक्टमध्ये हालचाल आहे, पण ती कशाचीच हालचाल नाही. पाणी जागच्या जागी डुलतं. त्याला कुठून यायचं नाही, कुठं जायचं नाही, कुणाचं काही बुडवायचं नाही. आमच्याकडच्या पाण्याची खरी हालचाल लाटेची नव्हतीच. ती खालून वर होती, सावकाश होती, आणि एका पावसाळ्यात दिसायची. फोटोला पाणी लावायचंच होतं तर ही हालचाल लावायला हवी होती. आणि ती फुकट मिळणारी नव्हती.

या पाण्याचा हिशेब मीसुद्धा कामाच्या सवयीनं ठेवतो. उजनीत एकूण मावतं सुमारे ११७ टीएमसी. त्यातलं ५३ टीएमसीच्या थोडं वर ते उपयुक्त आणि ६३ च्या वर ते मृतसाठा. उपयुक्त संपलं की शून्य टक्के. पण शून्यावर उजनी थांबत नाही. मृतसाठ्यातलं पाणी उचलायला लागतात आणि वर्तमानपत्रात छापून येतं, 'उजनी उणे दहा, उणे वीस'. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे साठाच्या आसपास गेली होती. आमच्या बँकेत याला ओव्हरड्राफ्ट म्हणतात आणि त्याला तारण लागतं. इथं तारण आधीच घेतलेलं आहे. मामांचा मळा, विहीर, वस्ती आणि पळसनाथाचं देऊळ, सगळं तळाशी ठेवलेलं आहे. पाणी उणे झालं की तारण वर येतं. मग जुन्या विहिरीचं कडं दिसतं, उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत कुणी काही पेरतं आणि पावसाळा आला की तारण पुन्हा आत जातं. सोडवून कुणालाच मिळत नाही. या पाण्यावर माढा पिकतं, सोलापूर शहर पाणी पितं, आमच्याकडचा ऊससुद्धा त्याच्यावरच उभा आहे. तेव्हा ते नको होतं असं मामाही म्हणत नाहीत. मोजायला हवं एवढंच म्हणतात.

हलत्या चित्राची मराठी माणसाला नव्यानं ओळख करून द्यावी लागते अशातला भाग नाही. लुमिएर बंधूंचा चित्रपट मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवला गेला १८९६ साली. त्याच्या चार वर्षं आधी, १८९२ साली, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' उभी केली होती. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं कंदिलापुढून एकापाठोपाठ सरकवायची आणि पडद्यावर हालचाल झाल्याचा भास करायचा. तिथं प्रत्येक हालचालीसाठी एकेक काच रंगवावी लागे. म्हणजे कुणाचा हात हलवायचा असेल तर आधी तो का हलतो आहे याचा विचार करणं भागच होतं. रंग फुकट नव्हता.

पुढं दादासाहेब फाळक्यांनी, 'राजा हरिश्चंद्र'च्याही आधी, एक लहानसा चित्रपट केला: 'अंकुराची वाढ'. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर वाटाण्याचा कोंब बघता बघता वर आला आणि त्याचा वेल झाला. जे रोज घडत असतं पण डोळ्यांना दिसत नाही, ते त्यांनी दाखवलं. त्या मिनिटभराच्या चित्रामुळे पुढच्या चित्रपटाला भांडवल मिळालं. भांडवल देणारा माणूस उगाच हलणाऱ्या पानाला पैसे देत नाही, हे मी व्यवसायाच्या अनुभवावरून सांगू शकतो. वाढ दिसली, म्हणून त्यानं दिले.

तेव्हा या कलाप्रकाराबद्दल माझा निर्णय असा. चित्र हलवायला माझी हरकत नाही. समईची ज्योत हलवा, कारण ज्योत हलतेच. पाळण्यातल्या बाळाचा पाळणा हलवा. पण ज्याची खरी हालचाल वेगळी आहे त्याला डब्यातली तयार हालचाल लावू नका. डोंगर डोलवू नका, आजोबांचे डोळे मिचकवू नका. अलीकडे जुन्या फोटोतल्या गेलेल्या माणसांना हसवून दाखवणारी ॲपंही निघाली आहेत. माझ्या आजोबांना त्यांच्या हयातीत कुणी हसताना पाहिलं नव्हतं. ते आता एका ॲपच्या सांगण्यावरून हसतील, आणि आम्ही तेच आजोबा म्हणून पुढच्या पिढीला दाखवू. फोटोतला माणूस स्थिर असतो तोपर्यंत आपण त्याच्याबद्दल कुणाला तरी विचारतो. हे कोण? कुठं काढला? मागं काय आहे? हलायला लागला की विचारणं थांबतं आणि बघणं सुरू होतं. त्या दिवशी ओसरीवर मामांनी दगडांची गोष्ट सांगितली ती मोबाइल हातात असताना, हे खरं. पण मूळ फोटो गेली पन्नास वर्षं भिंतीवर असून आम्ही कुणी त्यांना विचारलंच नव्हतं, हेही तितकंच खरं. म्हणजे इफेक्टच्या जमेला एक रक्कम आणखी घालावी लागेल. न्याय म्हणजे न्याय.

हे सगळं मी पोराला समजावून सांगितलं. फाळक्यांचा वाटाणाही सांगितला. इंजिनिअरिंगच्या मुलाला उपदेश रुचत नाही, पण उद्योग रुचतो. दर रविवारी मोटारसायकलवर मामांना मागं बसवून तो पळसदेवला जातो. काठावर एक खुंट ठोकला आहे. त्याच्यावर मोबाइल टेकवायचा आणि देवळाच्या दिशेचा एक फोटो काढायचा. जागा तीच, वेळ तीच. पाणी भरलेलं असताना सुरुवात केली आहे. उन्हाळ्यात उतरेल तसं शिखर वर येईल आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा आत जाईल. वर्षाचे बावन्न फोटो झाले की ते एकापाठोपाठ लावायचे. लाटांचा इफेक्ट नाही, बासरी नाही. मामा काठावर बसून पाण्याच्या कडेला दगड ठेवतात. त्याची आता गरज नाही असं पोरानं एकदा सांगून पाहिलं. नंतर सोडून दिलं.

परवा त्यानं आण्णांना विचारलं, "सगळं झालं की चित्र किती वेळा फिरवायचं? शून्य टाकलं की कायम फिरत राहतंय."

मामांनी थोडा विचार केला. "वरसाला येकदा," ते म्हणाले. "खरं येतंय तसंच."

तशी सोय फुकटच्या ॲपमध्ये नाही. पैसे भरून मिळणाऱ्यातही नाही, पोरानं बघितलं.